इनहेलर चालू असूनही दमा आटोक्यात येत नाही, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राने नेमके काय करावे?

बेंबळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. हा धागा सहज शांत होणाऱ्या दम्यासाठी नाही. ज्यांना स्टेरॉइडचा इनहेलर सुरू होऊन बरेच महिने लोटले, तरीही जे रात्री भिंतीला टेकून बसतात, लगेच आराम देणाऱ्या निळ्या पंपावाचून ज्यांचा आठवडा जात नाही आणि सोयाबीनच्या सोंगणीपासून होळीपर्यंत जे वारंवार वाफ घ्यायला केंद्रात येतात, त्या रुग्णांविषयी मला विचारायचे आहे.

अशा रुग्णाला चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवायचे, ही आपली रूढ पद्धत. मजुरी बुडते म्हणून अनेक जण जातच नाहीत. जे जातात ते वाढीव मात्रेचे औषध घेऊन परततात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आमच्या व्हरांड्यात दिसतात. माझे मत असे आहे की यांतील बहुतेकांचा दमा मुळात तीव्र नसतो. निदान, औषध घेण्याची रीत आणि घरातला धूर यांची शांतपणे तपासणी कोणी केलेलीच नसते. नेदरलँड्समधील एका पाहणीत प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के जणांचा दमा उपचारांना दाद देत नव्हता. परंतु इनहेलर बरोबर आणि नियमित घेणारेच मोजले, तेव्हा खरोखर तीव्र दमा असलेले ३.७ टक्केच उरले. हे गाळण्याचे काम आपल्या पातळीवर करता येईल का? काय तपासावे, किती काळ वाट पाहावी आणि कोणाला विनाविलंब पुढे पाठवावे, यावर जाणकारांनी लिहावे.

संत्रानगरी

मी नागपुरात छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. तुमच्या मताशी माझी बहुतांशी सहमती आहे, पण तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. डच रुग्णाचे निदान बहुधा फुंकण्याच्या चाचणीने, म्हणजे स्पायरोमेट्रीने, पक्के झालेले असते. आपल्याकडे छातीत शिट्टी वाजली की कागदावर 'दमा' असे लिहिले जाते आणि पुढची दहा वर्षे ते कोणी खोडत नाही. त्यामुळे माझ्यापर्यंत येणाऱ्या 'अवघड' रुग्णांत पहिला प्रश्न हाच असतो की हा दमा आहे का.

चाळिशीनंतर सुरू झालेला, सतत राहणारा आणि वर्षागणिक वाढणारा दम, सोबत बिडी किंवा आयुष्यभराची चूल, असे चित्र असेल तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, विचार आधी करावा. विडी-सिगारेटला कधीही हात न लावलेल्या बायकांमध्येही तो होतो, हे अजून पुष्कळांच्या गळी उतरत नाही. पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर फुफ्फुसात राहिलेल्या व्रणांमुळे धाप आणि शिट्टी दोन्ही येऊ शकतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करण्याआधी थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. पायावर सूज असेल आणि आडवे झाल्यावर दम वाढत असेल तर हृदयाकडे पाहावे.

विदर्भापुरते आणखी एक निदान मी मुद्दाम सांगतो. आपले अनेक जिल्हे हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतात. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींना शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिक्रियेमुळे रात्रीचा कोरडा खोकला आणि शिट्टी असणारा एक आजार होतो, ज्याला ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया म्हणतात. तो हुबेहूब दम्यासारखा दिसतो. रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरमागे ३,००० च्या वर गेल्या असतील तर त्याचा संशय घ्यावा. हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्या सुमारे तीन आठवडे दिल्यावर बहुतेकांना चांगला आराम पडतो. या तपासणीसाठी नागपूर गाठायची गरज नाही. प्राथमिक केंद्रातून महालॅब या सरकारी तपासणी योजनेत जाणाऱ्या रक्ताच्या नमुन्यावर ती होते. फक्त स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन नुकतेच झाले असेल तर हा आकडा फसवा कमी येतो, म्हणून आधी ते विचारून घ्यावे.

पैनगंगेपल्याड

मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. निदानाचे डॉक्टरसाहेबांनी सांगितले. मी रीतीबद्दल सांगते. रुग्णाला "पंप नीट घेता ना?" असे विचारले की उत्तर नेहमी "हो जी" असेच येते. म्हणून विचारायचे नाही, त्यांच्याच पिशवीतला पंप काढायला लावून समोर घ्यायला सांगायचे. त्या अर्ध्या मिनिटात सगळा उलगडा होतो. कोणी झाकण न काढताच दाबतो, कोणी दाबून झाल्यावर श्वास ओढतो, कोणी नाकाने ओढतो. रोटाहेलरमध्ये घालून भुकटी ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, कारण कॅप्सूल म्हटले की ती गिळायची, हेच त्यांना आजवर माहीत असते.

एक घोळ मात्र आपणच घालतो. पंपाचे औषध सावकाश, खोल श्वासाबरोबर ओढायचे असते, तर रोटाहेलरची भुकटी जोराने आणि झटक्यात ओढायची असते. एकाच माणसाला एक औषध पंपातून आणि दुसरे भुकटीतून दिले की तो दोन्ही एकाच पद्धतीने घेतो. पावसाळ्यात कॅप्सूलची डबी उघडी राहिली तर भुकटी ओलसर होऊन आत चिकटते, तो त्रास वेगळाच. शक्य असेल तिथे दोन्ही औषधांना एकच साधन असावे, आणि पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, असावाच.

स्पेसर मिळत नसेल तर ५०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली चालते. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडून फट चिकटपट्टीने बंद करावी. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी मुलांवर तुलना करून १९९९ मध्येच दाखवले आहे की अशी नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतके काम देते.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या मामांचा स्टेरॉइडचा पंप देवघरात, फोटोच्या मागे असतो. मामींना विचारले तर म्हणाल्या, "लय जालीम हाय म्हंतेत बावा तो, म्हून अखेरच्या वक्तासाठी ठेवला हाय." निळा पंप मात्र बंडीच्या खिशात, तंबाखूच्या डबीशेजारी.

पैनगंगेपल्याड

ठेचादादा, हसू आले खरे, पण तुमच्या मामींनी प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला आहे. निळा पंप लगेच मोकळे करतो म्हणून तो खरा, आणि रोजचा पंप घेतल्या क्षणी काहीच जाणवत नाही म्हणून तो खोटा, असा हिशेब घराघरांत असतो. "सवय लागेल" ही भीती तर आशाताईंच्या घरातही आढळते.

संत्रानगरी

म्हणूनच जागतिक दमा मार्गदर्शक गटाने, म्हणजे 'जिना'ने, २०१९ पासून आपली शिफारस बदलली. निव्वळ निळ्या पंपावर, म्हणजे एकट्या साल्ब्युटामॉलवर, प्रौढ किंवा किशोरवयीन दमेकऱ्याला ठेवू नये, असे तो गट आता सांगतो. त्याऐवजी बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकच इनहेलर रोजही घ्यायचा आणि धाप लागली की तोच घ्यायचा, ही पद्धत सुचवली आहे. फॉर्मोटेरॉल लवकर मोकळे करते आणि त्याच पफमधून सूज कमी करणारे औषधही आत जाते. दोन पंपांतला खरा कोणता आणि खोटा कोणता, हा वादच मिटतो. मात्र हे फॉर्मोटेरॉल असलेल्या मिश्रणालाच लागू आहे. साल्मेटेरॉलचे मिश्रण धाप लागल्यावर घ्यायचे नाही, हे चिठ्ठीवर ठळक लिहावे. प्रौढांसाठी ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉलचे दिवसाला एकूण १२ पफ ही कमाल मर्यादा आहे, आणि कोणी तिच्या जवळ पोहोचत असेल तर त्याने त्याच दिवशी दवाखान्यात यावे.

कोरडवाहू_डॉक्टर

हे सारे वाचायला उत्तम आहे. मीही प्राथमिक केंद्रातच आहे, बुलडाणा जिल्ह्यात. सकाळच्या ओपीडीत व्हरांड्यापर्यंत रांग असते, त्यात गरोदर मातांची तपासणी, कुत्रा चावलेले, बैठका आणि ऑनलाइन नोंदी. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण यादीत असणे वेगळे आणि माझ्या कपाटात वर्षभर असणे वेगळे. चार महिने मिळाले आणि पाचव्या महिन्यात संपले, तर रुग्ण पुन्हा निळ्या पंपावर जाणार आणि वर डॉक्टरलाच खोटे ठरवणार. स्पायरोमेट्री तर आमच्या तालुक्यातच नाही. अशा स्थितीत 'गाळण्याचे काम' आमच्याकडे द्या म्हणणे म्हणजे आणखी एक रजिस्टर वाढवणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेंबळाकाठ (धागाकर्ता)

कोरडवाहू, तुमची तक्रार रास्त आहे. तरी स्पायरोमेट्रीवाचून अगदीच अडते असे नाही. फुंकरीचा वेग मोजणारा पीक फ्लो मीटर काहीशे रुपयांत येतो. रुग्णाला तीन वेळा जोराने फुंकायला लावून सर्वांत मोठा आकडा घ्यावा, स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार पफ द्यावेत आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावावे. आकडा २० टक्के किंवा अधिक वाढला तर दम्याच्या बाजूने चांगला पुरावा मिळतो. वाढला नाही म्हणून दमा नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. ही पंधरा मिनिटे डॉक्टरची नसतात. सिस्टर किंवा आरोग्य सेवक ती पाहू शकतात. नियंत्रणाचे चार प्रश्नही तेच विचारू शकतात: गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का, रात्री जाग आली का, आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का आणि कामात अडथळा आला का.

तुराट्या

मी शिक्षिका आहे, आणि स्वतः दमेकरी आहे. डॉक्टर मंडळी धुराबद्दल विचारतात तेव्हा प्रश्न चुकतो, असे मला वाटते. "स्वयंपाक कशावर करता?" असे विचारले की बाई "गॅसवर" म्हणते, आणि ते खोटेही नसते. सिलिंडर घरात आहे, त्यावर चहा होतो, पाहुणे आले की भाजी होते. पण आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि भाकरी चुलीवरच असते, आणि चुलीत पऱ्हाटी आणि तुराट्या असतात, कारण त्या शेतातून फुकट येतात आणि सिलिंडरला पैसे पडतात. म्हणून "पाणी कशावर तापवता आणि चूल कुठे आहे?" असे विचारावे. चूल घराबाहेर पडवीत नेणे किंवा पाणी तापवण्याचे काम दम नसलेल्या माणसाने करणे, एवढा बदलसुद्धा बाईला फार मोठा असतो. तो बाईच्या एकटीच्या हाती नसतो, म्हणून हे बोलणे घरच्या माणसांसमोर व्हावे.

कुटार_आणि_कडबा

तुराट्याताईंनी घराचे सांगितले, मी खळ्याचे सांगतो. सोयाबीन काढण्याच्या दिवसांत थ्रेशरमागे उभा राहणारा माणूस आणि कुटार भरणारी बाई यांच्या छातीची काय अवस्था होते, ते पाहायचे असेल तर ऑक्टोबरमध्ये आमच्या शिवारात या. "धूळ टाळा" हा सल्ला ऐकून आम्ही मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थ्रेशरवर जातो, कारण मळणी थांबत नसते.

संत्रानगरी

कुटार यांचे निरीक्षण वैद्यकशास्त्रालाही परिचित आहे. १९८० च्या दशकात स्पेनमधील बार्सिलोना शहरात ठरावीक दिवशी दम्याच्या झटक्याचे रुग्ण अचानक मोठ्या संख्येने येत. शोध घेतल्यावर कळले की बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवले जाई तेव्हाच हे घडत होते, आणि त्याच्या टरफलांची धूळ वाऱ्याने शहरात पसरत होती. साठवणीच्या उंच कोठ्यांवर धूळ अडवणारे फिल्टर बसवल्यावर त्या लाटा थांबल्या. तिथे धूळ शहरावर उडत होती. आपल्याकडे माणूस तिच्या तोंडाशीच उभा असतो.

टाळणे शक्य नसेल तर तयारी करावी. दमेकऱ्याला सोंगणीआधी, सप्टेंबरमध्येच, तपासून त्याचा रोजचा इनहेलर खंड न पडता सुरू आहे याची खात्री करावी. थ्रेशरपाशी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहावे आणि एन-९५ मास्क वापरावा, कारण तोंडाला बांधलेला दुपट्टा बारीक धूळ अडवत नाही. ओले कुटार रचून ठेवले तर त्यात बुरशी धरते, आणि ते उपसताना ताप, खोकला व धाप लागत असेल तर तो वेगळा, फुफ्फुसाच्या सुजेचा आजार असू शकतो.

कापसाचेही असेच आहे. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सर्वाधिक आवळत असेल तर बिसिनोसिसचा, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचा, विचार करावा. आणि फवारणीच्या हंगामात अचानक शिट्टी, घाम, तोंडाला लाळ आणि बारीक झालेल्या बाहुल्या घेऊन कोणी आले तर तो दम्याचा झटका समजून वाफ देत बसू नये. ती विषबाधा आहे आणि तिला ॲट्रोपिन लागते. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेचे बळी पाहिले आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

कूलर राहिला, डॉक्टरसाहेब! मार्चमध्ये माळ्यावरून उतरवलेला कूलर गेल्या वर्षीच्याच गवतासकट सुरू करायचा आणि मग "उन्हाळ्यात दमा कसा काय?" म्हणून आश्चर्य करायचे, ही आमच्या घरची रीत आहे.

संत्रानगरी

विनोद नाही, खरेच महत्त्वाचे आहे. कूलरचे गवत दरवर्षी बदलावे, टाकी वरचेवर रिकामी करून कोरडी करावी आणि पहिल्यांदा कूलर सुरू करताना दमेकऱ्याने खोलीत थांबू नये.

धामनदीवरून

मला या धाग्याच्या मूळ सुराबद्दल थोडी हरकत नोंदवायची आहे. मी वर्धा जिल्ह्यातला रुग्ण आहे. माझा दमा अनेक वर्षे आटोक्यात येत नव्हता आणि प्रत्येक ठिकाणी मला हेच सांगितले जाई की तुम्ही पंप नीट घेत नाही, नियमित घेत नाही. मी नीट घेत होतो. बायको वेळेची नोंद ठेवत होती. खोकल्यातून तपकिरी, चिकट गाठी पडत होत्या, त्या मी डब्यात दाखवल्या तरी कोणी लक्ष दिले नाही. शेवटी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रक्तातील आयजीई हे ॲलर्जीचे प्रतिपिंड तपासले आणि सीटी स्कॅन झाला, तेव्हा ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची ॲलर्जी, म्हणजे एबीपीए, निघाली. बुरशीविरोधी गोळ्या आणि काही महिने स्टेरॉइड यांनंतर मी आता शेतात जातो. बहुतेकांचा दमा अवघड नसतो हे खरे असेल, परंतु त्या 'बहुतेकां'च्या हिशेबात उरलेल्यांवर निष्काळजीपणाचा ठपका बसतो.

बेंबळाकाठ (धागाकर्ता)

धामनदी, तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे. रीत एकदा समोर पाहिली आणि ती बरोबर निघाली, तर तशी स्पष्ट नोंद कार्डावर व्हावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक डॉक्टरने रुग्णाला तोच प्रश्न विचारून दमवू नये.

काउंटरवाला

माझे औषधाचे दुकान आहे. इथे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. 'अवघड' दम्याचे कित्येक रुग्ण खरे तर स्टेरॉइडच्या गोळ्यांवर चालतात. गावात कोणीतरी सुई टोचतो, सोबत पुडीत गोळ्या देतो, आणि माणूस दोन तासांत मोकळा होतो. मग तीच रिकामी पट्टी घेऊन तो दुकानात येतो. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे दुखतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होत नसल्याने चक्कर येऊन जीवावर बेतू शकते. तेव्हा अशा माणसाला रागावून गोळ्या सोडायला लावू नये. दुसरे म्हणजे, पिशवीतली सगळी औषधे पाहावीत. रक्तदाबाचे प्रोप्रानोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब यांनी दमा बिघडतो, आणि डोळ्यांत टाकायच्या थेंबांना कोणी औषध समजून सांगत नाही. नाकात कोंब (पॉलिप) असलेल्या काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी तीव्र झटका येतो.

इंद्रावती

गडचिरोलीतून एक भर घालते. आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेल्या दमेकऱ्याला ताप, छातीत दुखणे आणि ऑक्सिजन खाली, असे झाले तर तो दमा न समजता तातडीने पुढे पाठवावे, कारण त्या आजारातील छातीचा झटका जीवघेणा असतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही त्यांच्या वेदनांचा झटका उसळू शकतो. म्हणून सिकलसेलचे कार्ड आहे का, हे आधी पाहावे.

जुना_सभासद

कोजागिरीच्या खिरीतले औषध आणि मृगातला हैदराबादचा मासा यांचा उल्लेख अजून कसा झाला नाही? आमच्या भागातून दरवर्षी गाड्या भरून लोक जातात आणि अनेकांना फरक पडल्याचे सांगतात.

संत्रानगरी

जुने सभासद, दमा मुळातच चढउताराचा आजार आहे, त्यामुळे त्रासाच्या दिवसांत घेतलेल्या कोणत्याही गोष्टीनंतर फरक पडल्यासारखे वाटते. त्या मासळीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. माझा रुग्ण खीर खातो म्हटला तर मी वाद घालत नाही. खिरीसाठी रोजचा इनहेलर बंद करायचा नाही, एवढे मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. निदान, रीत, धूर, बिडी, नाकाची ॲलर्जी आणि इतर औषधे हे सारे दुरुस्त करून, मध्यम मात्रेचा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल तीन महिने नियमित देऊन पाहावा. त्यानंतरही नियंत्रण नसेल तर पाठवावे, आणि चिठ्ठीत हे सर्व केल्याचे लिहावे, म्हणजे आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाही. तीन महिने न थांबता ज्यांना पाठवायचे ते असे: पूर्वी अतिदक्षता विभागात राहिलेले, वर्षात दोन किंवा अधिक वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या लागलेले, धामनदींसारख्या तपकिरी गाठी पडणारे, वजन घटणारे, थुंकीत रक्त येणारे आणि कामाच्या जागीच दमा वाढणारे. ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब ही महागडी इंजेक्शने त्यांतल्याही मोजक्यांसाठी असतात.

आणि जो एक वाक्य सलग बोलू शकत नाही, ज्याचा ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे किंवा ज्याच्या छातीतली शिट्टी धाप वाढत असतानाच बंद पडली आहे, त्याला १०८ बोलावून ऑक्सिजन लावावा, दर वीस मिनिटांनी साल्ब्युटामॉल द्यावे आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची पहिली मात्रा आपल्याच केंद्रात देऊन मग गाडीत बसवावे.

कोरडवाहू_डॉक्टर

तीन महिने अखंड औषध मिळण्याची अट मान्य असेल तर माझी हरकत मागे घेतो. तेवढा साठा रुग्णाच्या नावाने बाजूला काढून ठेवला तरच हे चालेल. आमच्याकडे औषध निर्माण अधिकारी तसे करायला तयार आहेत.

बेंबळाकाठ (धागाकर्ता)

आम्ही आठवड्यातील एक दुपार याच रुग्णांसाठी राखायचे ठरवतो आहोत: पीक फ्लो सिस्टरकडे, पंपाची रीत समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे, चुलीची चौकशी आशाताईंकडे आणि कार्ड रुग्णाच्या हाती. शनिवार ठेवावा असा विचार आहे.

कुटार_आणि_कडबा

शनिवार नको, साहेब. शनिवारी बहुतेक ठिकाणी मजुरीचा हिशेब असतो, त्या दिवशी माणूस शेत सोडत नाही. तुमच्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असेल तो दिवस ठेवा. त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले लोक तसेही येतात आणि वेगळे भाडे लागत नाही.

पैनगंगेपल्याड

बाजाराच्या दिवशी दुपारी मात्र नाही. बायका दोननंतर परतीच्या गाडीसाठी निघतात. सकाळी अकराच्या आत ठेवा.

बेंबळाकाठ (धागाकर्ता)

आमचा बाजार मंगळवारी असतो. मंगळवार, सकाळी नऊ ते अकरा. सिस्टरशी बोलून उद्याच फलक लावतो.